खुलासा : लहान खोली आणि मोठी नक्षी

रत्नागिरी-चिपळूणकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय : ‘लहान खोलीत मोठ्या नक्षीचा वॉलपेपर लावू नका, आणि कोकणात तर तो टिकतच नाही.’ पहिलं सरसकट खरं नाही. उलट बारीक, गच्च नक्षीच चारही भिंतींवर गजबज करते. एकाच भिंतीवर केळीची मोठाली पानं छान दिसतात.

दुसरं अर्धंच खरं. जांभ्याच्या भिंतीत पावसाळ्यात ओल शिरते. वर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला वॉलपेपर, चिकटवला की ती आत कोंडते, मागे बुरशी धरते. दोष नक्षीचा नव्हे. आधी गळती काढा, भिंत पूर्ण सुकवा, मग हवा खेळू देणारा नॉन-वोव्हन कागद लावा. जूनमध्ये मात्र नकोच!

वॉलपेपरचा एक रोल साधारण ५७ चौरस फुटांचा. पण मोठी नक्षी जुळवताना त्यातला कागद जास्त वाया जातो, हे संदेशात कुणी लिहिलेलं नाही.