असोसिएशनची मेंबर म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नव्हे

परवा अमळनेरहून मावसबहिणीने एक फॉरवर्ड पाठवलं, खाली एकच ओळ, "भाऊ, हाई खरं शे का?" पोराला अशाच एका 'इंटरनॅशनल' शाळेत पहिलीत टाकायचंय, कापसाचे पैसे आले की टोकन भरायचं ठरलंय. फॉरवर्ड म्हणतं, इंटरनॅशनल शाळांच्या असोसिएशनची मेंबर असलेल्या शाळेला सरकारी मान्यता लागत नाही, असोसिएशनच्या सर्टिफिकेटवर परदेशात थेट अ‍ॅडमिशन मिळते, फी असोसिएशन ठरवते म्हणून पालकांना बोलता येत नाही, आणि मराठी शिकवावंच लागत नाही. माझ्या तीन ग्रुपवर हेच फिरतंय, आता गप्प बसवत नाही.

मान्यता लागत नाही, हे सगळ्यात घातक. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा 2009, कलम 18 काढून वाचा. मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय खासगी शाळा काढता येत नाही आणि चालवताही येत नाही, दंड 1 लाखापर्यंत, त्यावरही चालू ठेवली तर दिवसाला 10 हजारापर्यंत. अहो, असोसिएशन ही शाळांनी शाळांसाठी काढलेली संघटना. मार्केट यार्डात अडत्यांची असोसिएशन असते, म्हणून तिचा मेंबर झालेल्याला बाजार समितीचं लायसन्स लागत नाही असं आपण म्हणतो का? आणि दंड शाळेला होईल हो, पण पोराचं काय? शाळेला यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, नसला तर पोराचं नाव सरकारी पोर्टलवर चढत नाही, मग दुसऱ्या शाळेत टाकायची वेळ आली की दाखल्यासाठी आईबाप फिरत बसतात.

मी बहिणीसोबत त्या शाळेत जाऊन आलो. ऑफिसात भिंतीवर सोनेरी काठाच्या फ्रेममध्ये मेंबरशिपचं सर्टिफिकेट. मी म्हटलं ताई, हे नको, शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं मान्यता प्रमाणपत्र, नमुना 2, ते दाखवा. तर म्हणे सर आल्यावर दाखवतील. यूडायस नंबर मागितला, 27 ने सुरू होणारा 11 आकडी, तोही सरांकडेच.

परदेशी अ‍ॅडमिशनचं सांगायचं तर असोसिएशन परीक्षाच घेत नाही, मग तिच्या कागदावर कोण घेईल? परीक्षा आयबी किंवा केंब्रिज या परदेशी बोर्डांची असते. आयबी 1968 पासून जिनिव्हात नोंदलेली स्वतंत्र संस्था आहे, कुठल्या शाळेला परवानगी दिली ते तिच्या वेबसाइटवर दिसतं, नाव टाकून बघा. नुसत्या बोर्डावर 'इंटरनॅशनल' रंगवल्याने काही होत नाही.

फी ठरवायला राज्याचा 2011 चा कायदा आहे, प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, तिथे पालक बसतात. आणि मराठी 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीची आहे, विषय संपला.

एक मान्य करतो, अशा असोसिएशन सगळ्याच पोकळ नसतात. शिक्षकांचं ट्रेनिंग, प्रिन्सिपल लोकांच्या कॉन्फरन्स, सरकारपुढे शाळांची बाजू मांडणं, ही कामं त्या करतात, आणि चांगल्या शाळेला त्याचा उपयोगही होतो. पण ते मान्यता मिळाल्यानंतरचं, मान्यतेच्या जागी नाही.

बहिणीला सांगितलंय, नमुना 2 ची झेरॉक्स हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपया द्यायचा नाही. सोमवारी परत जातोय, ते सर भेटेपर्यंत तिथेच बसणार.