कॅल ८ म्हणजे ऑगस्ट नव्हे, म्हणे!

डोकं सटकलंय, त्यामुळे सरळ लिहितो.

दुपारी कॉल चालू. स्क्रीन शेअर माझी. मॅनेजरने विचारलं, "ऑगस्टचा दुसरा मंगळवार कितीला येतो रे?" टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडंच होतं. कॅलेंडर दाखवणारी कमांड म्हणजे कॅल. ऐटीत टाकलं 'कॅल ८' आणि एंटर. भर्रकन बारा महिने पडद्यावरून सरकले. कुठलं वर्ष? इसवी सन ८! सातवाहनांच्या काळातलं. पलीकडे नऊ माणसं गप्प, आणि मी सन ८ मधल्या ऑगस्टचा मंगळवार शोधतोय.

एकच आकडा दिला की तो वर्ष मानायचा, महिना हवा तर पुढे सालही लिहायचं. मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या माहितीपानावर आहे, माहितेय मला! पण सन ८ चं कॅलेंडर आजवर कुणाला लागलंय, बाबा?

बरं, हे अक्कलशून्य आहे म्हणावं तर तसंही नाही. 'कॅल ९ १७५२' टाकून बघा. २ तारखेनंतर थेट १४. इंग्रजांनी त्या वर्षी कॅलेंडर बदलताना गाळलेले ११ दिवस याला चोख पाठ! तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशवे होते, त्यांच्या दफ्तराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, तो भाग वेगळा.

पण खरा संताप पुढे आहे. आठवडा सोमवारपासून हवा म्हणून ऑफिसच्या मशीनवर 'कॅल डॅश एम' मारायची सवय. डॅश आणि एक अक्षर म्हणजे कमांडला दिलेला ऑप्शन, उर्फ फ्लॅग. कॅलचे अवतार दोन. तिथे युटिल-लिनक्सवालं कॅल आहे, मुकाट्याने दाखवतं. घरच्या लॅपटॉपवर एनकॅलवालं. तिथे डॅश एम म्हणजे महिना! म्हणून ते उलट मलाच सांगतं, ऑप्शनला आर्ग्युमेंट पाहिजे, म्हणजे कुठला महिना तेही सांग. आर्ग्युमेंट पाहिजे? ये, बस समोर, घालतो वाद! तिथे सोमवार हवा तर 'एनकॅल', मग डॅश बी, वर कॅपिटल एम. डॅश बी विसरलात की वार डावीकडे एकाखाली एक उभे आणि तारखा वरून खाली. वैतागून मदत मागावी म्हणून डॅश एच दाबलं, तर ऑफिसात मदत मिळते आणि घरी आजच्या तारखेवरचा ठळकपणा जातो. १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून, म्हणजे त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून, ही कमांड आहे हो! इतक्या वर्षांत एका अक्षराचा एक अर्थ ठरू नये?

आई स्वयंपाकघरातून संकष्टी कधी ते भिंतीकडे मान वळवून सांगते. चंद्रोदयासकट. तिला सोमवार कुठे सुरू होतो याचा फ्लॅग लागत नाही.

आज नवा सर्व्हर मिळाला. कॅल टाकलं. 'कमांड नॉट फाउंड.' इन्स्टॉल करायला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत, सुडोसाठी तिकीट, म्हणजे रीतसर विनंती अर्ज. तिकिटाच्या फॉर्मवर पहिलाच रकाना: कधीपर्यंत हवंय? तारीख आणि वार लिहा.