गेटवरचे टोमणे आणि कलम १७
पोराच्या शाळेच्या गेटवर पालकांना 'रोजच उशीर का?' ऐकावं लागतं, असं एका लेखात वाचलं; ते बरोबर. पण शिपायाशी वाद नको, त्याच्या हातात काहीच नसतं. सोलापुरात कुणी यंत्रमागाची रात्रपाळी संपवून येतं, कुणी कारखान्यात विड्या द्यायच्या घाईत. अशांनी अडचण वर्गशिक्षकांना लेखी द्यावी, पोच घ्यावी. डायरीत उशिराची नोंद होते, होऊ द्या. मात्र उशीर पालकाचा आणि उन्हात उभं पोर, हे चालत नाही: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई. आधी मुख्याध्यापक, नाही जमलं तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद) लेखी तक्रार. निर्णयाची मुदत ३ महिने. अर्जात तारीख, वेळ, नेमके शब्द लिहा. नुसत्या 'अपमान झाला'वर कागद हलत नाही.