खुलासा: ती तारामती बाई नव्हतीच!

दोन दिवसांपासून जालना-परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती ही आपल्या मराठवाड्याची लेक, देशाची पहिली नटी. सोबत धुरकट फोटो, खाली "अभिमान वाटला तर पुढे पाठवा".

अभिमान जरा आवरा. 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागलेल्या त्या मूकपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके. चक्क पुरुष! ग्रँट रोडच्या एका हॉटेलात ते कामाला होते, तिथंच फाळक्यांची नजर त्यांच्यावर गेली. कारण सिनेमात तोंडाला रंग लावायला एकही बाई तयार होईना. हौदातल्या आंघोळीच्या प्रसंगात ओलेत्या लुगड्यांत दिसतात त्या सख्याही सगळे बाप्येच. पैठणच्या नाथांची सोंगी भारुडं पाहत वाढलेल्या आपल्याला याचं नवल वाटायला नको म्हणा. याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही रंगवले.

बायका पडद्यावर आल्या त्या फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, तेही 1913 सालीच. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, तर मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले. विक्रम गोखले यांच्या त्या आजी. पहिल्या नटीचा मान द्यायचाच तर या मायलेकींना द्या, आणि तो फॉरवर्ड तेवढा डिलीट करा.