आजाराचं नाव साहेबाला का सांगायचं?

पुण्या-मुंबईच्या मित्रांशी बोलताना हल्ली विषय कामाच्या तासांवर येतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडून आठवड्याला ७० तासांची अपेक्षा केली. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. दुसरीकडे सुप्रिया सुळे कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न घेण्याच्या हक्काचं खासगी विधेयक संसदेत मांडतात. मी सुळ्यांच्या बाजूचा आहे. पण मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, आणि तास कमी झाले तरी माझ्यासारख्याची नोकरी टिकेल का, हे या वादात कोणी विचारत नाही.

या आजारात मोठ्या आतड्याला सूज येते, व्रण होतात, रक्त पडतं. त्याचा भाऊबंद क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. दोन्ही बहुधा ऐन तारुण्यात गाठतात, म्हणजे नोकरी-लग्नाच्या वयात. महिनोन्‌महिने माणूस ठणठणीत असतो. मग फ्लेअर येतो: दिवसातून दहा-दहा वेळा संडास, पोटात कळा, आणि झोपूनही न जाणारा थकवा. काल हसतखेळत काम करणारा आज येत नाही म्हटल्यावर लोकांना तो बहाणाच वाटतो.

मी जर्मनीत असतो. इथे आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर आरोग्य विमा निधी कपातीआधीच्या पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम देतो. एकाच आजारासाठी तीन वर्षांत कमाल ७८ आठवडे, पहिले सहा धरून. परतताना आधी रोज थोडे तास, मग हळूहळू पूर्ण दिवस, अशी सोय असते. मागच्या मोठ्या फ्लेअरनंतर मी तसाच परतलो, नाहीतर नोकरी सोडली असती. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की आजारपणाच्या दाखल्यातून कंपनीला फक्त तारखा कळतात, निदान कळत नाही.

माझी मामेबहीण कल्याणहून लोकलने जायची. लोकलमध्ये संडास नसतो, म्हणून ती सकाळी काहीच खायची नाही. क्रोन्सचं निदान व्हायच्या आधी तिला टीबीची औषधं दिली गेली. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची गल्लत वारंवार होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे. एका फ्लेअरला ती पुरत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं, पण पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ते दार बंद. वरिष्ठांनी रिपोर्ट मागितले, तिने लाजेने दिले नाहीत, आणि शेवटी राजीनामा दिला.

घरचे म्हणतात, जर्मनीकडे पैसा आहे. ७८ आठवड्यांबाबत ते खरंच आहे. शिवाय इथेही सगळं सुखाचं नाही: जानेवारी २०२५ मध्ये अलियान्झ या विमा कंपनीच्या प्रमुखांनी आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापावा असं सुचवलं. पण दाखल्यावर निदान न लिहायला पैसा लागत नाही. फ्लेअरमध्ये घरून काम करू द्यायला, संडासाजवळची जागा द्यायला किती लागतो?

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात आहेत, हे योग्यच. आतड्यांचा हा आजार नाही. तो यादीत यावा, आणि येताना दिव्यांगत्वाची टक्केवारी एका दिवसाच्या तपासणीवर ठरू नये, कारण त्या दिवशी रुग्ण अगदी बरा असू शकतो.

असा माणूस जबाबदारीच्या कामाला चालत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी शिंजो आबेंकडे पाहावं. २००७ मध्ये पंतप्रधानपद सोडलं तेव्हा त्यांना हाच कोलायटिस होता. २०१२ मध्ये ते परतले आणि जपानचे सर्वाधिक काळ राहिलेले पंतप्रधान झाले. माझी बहीणही आता औषधांवर बरी आहे, पुन्हा नोकरी शोधते आहे. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारतात तेव्हा ती घरची अडचण होती असं सांगते. खरं सांगूनही नोकरी मिळेल, एवढी हमी तिला कायद्याने द्यावी.