गहू किती भरायचे?

नोकरीचं पत्र आलं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तिथेच घोळ झाला. एप्रिल म्हणजे आमच्या सांगलीत वर्षाचे गहू भरायचे दिवस. पत्र वाचून दाखवलं. पगार ऐकून बायकोने भुवया उंचावल्या. आईने शांतपणे विचारलं, "मग गहू किती भरायचे?"

मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटी खात्यात आहे. घरातून स्कूटरला किक मारल्यापासून पंधराव्या मिनिटाला पंचिंग. नवी नोकरी बेंगळुरूला, पीण्या नावाच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत. पगार चाळीस टक्के जास्त. "शुक्रवारी सहापर्यंत कळवा," असं एचआरच्या बाई म्हणाल्या. धान्याचे दुकानदारही आईला म्हणाले होते, "काकू, लोकवन चांगला आलाय, शुक्रवारपर्यंत सांगा, नंतर भाव धरून ठेवणार नाही." अशा रीतीने माझ्या भवितव्याला एकाच दिवशी दोन मुदती लागल्या.

मी एक्सेल उघडलं. डावीकडे सांगली, उजवीकडे बेंगळुरू. आधी पत्रातला पगार सोलून बघितला. वर 'वार्षिक' म्हणून जो मोठा आकडा होता त्यात कंपनीचा पीएफ होता, कामगिरी चांगली झाली तर मिळणारे पैसे होते आणि पाच वर्षं टिकलो तर हातात येणारी ग्रॅच्युइटीही होती. म्हणजे २०३१ साली मिळणारे पैसे मला आत्ताच दाखवून खूश करायचा बेत होता. उरलेल्यातून घरभाडं, अनामत, चिरंजिवांची शाळा वजा केली. स्कूटर एमएच १० ची. ती तिकडे कायमची न्यायची तर इथल्या आरटीओची एनओसी आणि तिकडचा आजीवन कर. स्कूटरचं आयुष्य किती उरलंय हे तिला किक मारणाऱ्यालाच ठाऊक. शेवटी महिन्याला तीन हजार एकशे चाळीस रुपये फायदा निघाला. दोन्ही रकान्यांत बरोबरी झाली ती एकाच ओळीत, व्यवसाय कर. तो राज्यघटनेच्या कलम २७६ ने वर्षाला २५०० च्या वर जाऊच शकत नाही. एवढीच ओळ मी ठळक करून ठेवली.

'पूर' या ओळीत वाटलं होतं की बेंगळुरू सहज जिंकेल. आमच्याकडे पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी किती फूट हे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात. पंचेचाळीसला धोका. २०१९ साली सत्तावन्नच्या वर गेलं आणि गल्लीतून होड्या फिरल्या. पण चिरंजिवांनी मोबाइलवर २०२२ चं बेंगळुरू काढून दाखवलं. आयटीवाले गळ्यात ओळखपत्र अडकवून ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला निघालेले. होडी बरी की ट्रॅक्टर, यावर एक संध्याकाळ गेली.

बायकोने माझ्या खांद्यावरून तक्ता बघितला आणि म्हणाली, "यात आई कुठल्या ओळीत आहेत?"

मी शोधलं. आई 'इतर' मध्ये होती, गॅस कनेक्शनच्या खाली. मी लॅपटॉप मिटला.

सामान हलवायला किती लागतील हा चौकोन मात्र रिकामाच होता, म्हणून एका पॅकर्सवाल्याला घर बघायला बोलावलं. तो पेन्सिल कानाला लावून आला आणि खोल्यांतून फिरू लागला. दिवाण एक, लोखंडी कपाट दोन. माळ्यावर अकरा पितळी डबे निघाले, ते आमच्याकडे आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं. आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी त्याने उचलून बघितली.

"भरलेली नेत नाही आम्ही. तेल सांडतं."

"मग रिकामी कशाला नेऊ?" आई म्हणाली.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. भडंगाची बशी संपवता संपवता त्याने मला हळूच विचारलं, "सर, नक्की जाताय ना? नाही, तुमच्यासारखे आठवड्याला चार जण भेटतात. फक्त रेट घेतात." मला एवढ्या अचूकपणे आजवर कुणी ओळखलं नव्हतं, बायको धरून.

गुरुवारपर्यंत गल्लीला सगळं कळलं होतं. शेजारच्यांनी आमची पार्किंगची जागा रिकामी होणार का, हे सहानुभूतीने विचारून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या जतच्या काकूंनी चिरंजिवांना कन्नड शिकवायला घेतलं. त्याला 'ऊट आयता' एवढंच येतं. म्हणजे 'जेवण झालं का'. दिवसातून चाळीस वेळा विचारतो आणि दर वेळी जेवतो. मी आईला समजावत होतो की राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दुपारी बसलं की सकाळी बेंगळुरू, आणि वाटेत बेडगी स्टेशन लागतं, तुझ्या चटणीची मिरची तिथलीच. तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "मग येताना आणशील?" म्हणाली. माझ्या जाण्यात तिला दिसलेला हा पहिला फायदा. तक्त्यात तो कुठल्या ओळीत घालावा ते मला कळेना.

शुक्रवारी कामावरून अर्धी सुट्टी काढून घरी बसलो. 'सविनय कळवितो की' इथपर्यंत मेल लिहून झाला होता. पुढे काय कळवतो हे ठरत नव्हतं. साडेपाचला खाली टेम्पो थांबला. हमालाने पन्नास किलोचं एक पोतं पाठीवर वर आणलं, मागोमाग दुसरं. म्हणजे आईने कुणालाच न विचारता दर वर्षीएवढेच गहू सांगितले होते.

"अगं, पण अजून ठरलं कुठंय?" मी म्हणालो.

"तिकडं काय पोळ्या खात नाहीत होय?" आई म्हणाली. कडुलिंबाचा पाला तिने सकाळीच परातीत वाळत घातला होता.

हमाल घामाघूम होऊन उभा. "काकू, कोठीपाशी नेऊ का?"

आई माझ्याकडे बघायला लागली. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. चिरंजीव पोत्यावर चढून बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. एचआरच्या बाई.

"तू बोलून घे," आई मला म्हणाली, आणि हमालाकडे वळली. "दाराशीच राहू दे रे जरा."