फ्लायव्हीलचं गणित

भारी काम शे भाऊ! तुमचा मॉडेलवरचा लेख वाचला. दट्ट्याने गवत दाबून गाठी बांधणाऱ्या जुन्या प्रेसचं एक अष्टमांश मापाचं चालतं मॉडेल, तेही घरच्या लेथवर. पण लेखात सगळं कौतुक इंजिनाचं आणि रंगाचं. खरी मेख फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरताना ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकात आहे, त्यावर ओळसुद्धा नाही.

सगळी मापं आठपट लहान केली की गाठ दाबायला लागणारं काम ५१२ पट कमी होतं. फ्लायव्हीलची साठवण मात्र मिनिटाला फेरे तेवढेच ठेवले तर ३२,७६८ पट घटते. म्हणजे ६४ पट तूट! दट्ट्या अर्ध्यात अडणारच. फेरे आठपट वाढवा. चाक मापापेक्षा जड केलं तर थोडी मदत होते, पण नुसत्या त्याने ६४ पट भरून निघत नाही. बघणाऱ्याला कळत नाही, आतून शिसं भरलं तरी चालतं.

दुसरं, गवत काही आठपट बारीक होत नाही. १४ बाय १८ इंचाची पेटी पावणेदोन बाय सव्वादोन इंचांवर आली, त्यात कडबा कोंबणं म्हणजे चेष्टाच. वाळलेली हरळी बारीक कापून वापरा. २५ किलोची गाठ इथे ५० ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. दोन गाठींच्या मध्ये खाचेच्या लाकडी फळ्या सोडून हातानेच तार ओवलीत, हे फार आवडलं. गवताच्या गाठी आपोआप बांधणारे प्रेस बऱ्याच नंतरचे.

आमच्या खान्देशात कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचायची रीत. प्रेस म्हटलं की जळगावकडची जिनिंगवालीच (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातली) आठवते, कापसाच्या १७० किलोच्या गाठीची. पुढचं मॉडेल तिचं करा की! आणि पेटीच्या तोंडाचे आवळायचे स्क्रू किती ताणता, तेवढं सांगा.